पासवर्डच्या आधीचा आवाज

६ जानेवारी

मागच्या वर्षी ‘मत्ती’ बाहेर पडली तेव्हा कोणी कधी काय ठरवलं यावरून सिराजचं आणि माझं पंधरा दिवस वाजलं. दोघांकडेही पुरावा नव्हता. म्हणून या वेळी वही.

कोण कोण ते आधी लिहून ठेवते. ‘तोणी’ ही कॉम्प्युटर चालवणारी आमची प्रणाली. फुकट आहे, आतलं सगळं उघडं आहे, कोणीही घ्यावी आणि बदलावी. अकरा वर्षं झाली, पगार कोणालाच नाही. सिराज कोळिकोडला नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात तोणीचं कोड सांभाळतो. आवृत्ती कधी बाहेर पडणार हे तो ठरवतो. मी फोरमवर लोकांच्या अडचणी सोडवते आणि नव्या आवृत्तीची बातमी लिहिते. आवृत्त्यांना माशांची नावं आहेत. सहावी मत्ती. सातवी नेय्मीन, ती पंधरा फेब्रुवारीला.

पोटापाण्यासाठी ओट्टप्पालमला तालुका कचेरीसमोर टायपिंगचं दुकान आहे. भागीदार ब्रिजिता चेची, म्हणजे ताई. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. टायपिंगचा वेग माझ्या दुप्पट, कॉम्प्युटरबद्दल कुतूहल शून्य.

९ जानेवारी

एकोणीस सेकंद.

मशीन चालू केल्यापासून पासवर्डची चौकट येईपर्यंत मत्तीला एकतीस लागायचे. सकाळी दुकान उघडलं की काउंटरपाशी चार माणसं उभी असतात आणि मशीन आपलं अंग मोडत बसलेलं असतं. डिसेंबरात मी सिराजला म्हटलं होतं, “आवाजाची यंत्रणा एवढ्या लवकर कशाला उठवायची? पासवर्ड देईपर्यंत कोण गाणी ऐकतंय? तिला नंतर उठव.” त्याने तसं करून बघितलं. आज आकडा आला.

“चेची, बातमीचा मथळा तुमचाच,” तो म्हणाला. मी त्याची चेची.

लिहून ठेवते. कल्पना माझी.

१७ जानेवारी

नेय्मीनची चाचणी आवृत्ती देऊन चार दिवस झाले. बेचाळीस तक्रारी आल्या. त्यातल्या नऊ खऱ्या. कोल्लमच्या एकाने लिहिलं आहे की नेय्मीन टाकल्यापासून त्याच्या कीबोर्डचा ‘क’ चिकटतो. त्याला कीबोर्ड उलटा करून झटकायला सांगितलं. तासाभराने कळलं, केळ्याची भजी.

कुंजंबू यांचंही आलं. कान्हनगाडचे हे गृहस्थ तीन वर्षांपासून फोरमवर आहेत. एक ओळीचा दोष तीन पानांत सांगतात. “मशीन सुरू केले. दहाव्या सेकंदाला टॅब दाबले. काही नाही. पंधराव्या सेकंदाला पुन्हा दाबले. काही नाही. पंख्याचा आवाज स्थिर झाला त्यावरून सुरू होणे पूर्ण झाले असावे असे समजलो.” हे असं. पंख्याच्या आवाजावरून का समजायचं? समोर चौकट दिसत नाही का?

त्यांचं म्हणणं एवढंच, की पासवर्ड देण्याआधी आवाज येत नाही. येणारच नाही, आम्हीच तसं केलंय. तसं कळवलं आणि ‘किरकोळ’ असा शेरा मारून तक्रार बंद केली.

१९ जानेवारी

त्यांनी ती परत उघडली. “किरकोळ या शब्दाशी मी सहमत नाही.”

मी विचारलं, “पासवर्ड दिल्यावर आवाज येतो ना? मग त्याआधी तुम्हाला ऐकायचं तरी काय असतं?”

त्यांचं उत्तर: “चौकट आली आहे की नाही, हे.”

दुकानात काम नव्हतं तेव्हा मी हे ब्रिजिता चेचींना मोठ्याने वाचून दाखवलं, हसवायला म्हणून. त्या एक विक्रीखत टाईप करत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “अगं, तो बघत नसेल.”

“तेच तर! बघत नाहीत आणि लिहितात.”

“तसं नाही गं,” त्या म्हणाल्या, पण तेवढ्यात खताचा मालक आला आणि त्याच्या बायकोच्या नावाच्या स्पेलिंगवरून त्या दोघांचं जुंपलं.

कुंजंबूंना लिहिलं: माउस हलवून पाहा, आणि स्क्रीनचा फोटो पाठवा. फोटोशिवाय पुढे काही करता येणार नाही.

२४ जानेवारी

फोटो आला. सबंध फोटोत एक भिंत, भिंतीवर कॅलेंडर, खालच्या कोपऱ्यात मशीनच्या खोक्याची कड. स्क्रीन नाहीच. सोबत मजकूर: “माउस आम्ही वापरत नाही, कपाटात आहेत. फोटो मला जमतो तसा काढला आहे. आपल्याला हवे ते त्यात नसल्यास क्षमस्व.”

माउस कपाटात! काही शाळा-कचेऱ्यांत असं करतात खरं. खराब होईल म्हणून वस्तू कुलपात आणि खोलीत नुसती टेबलं. मी लिहिलं, “फोटोत स्क्रीन हवी होती.” त्यावर उत्तर नाही.

सिराजला सांगितलं. तो म्हणाला, “सोडा हो चेची. प्रत्येक फोरमला एक असा लागतोच.”

२ फेब्रुवारी

कुंजंबूंनी तक्रार तिसऱ्यांदा उघडली. या वेळी तीन पानं नाहीत, चार ओळी. “ही गोष्ट आवृत्ती बाहेर पडण्याआधी सुधारली नाही तर आमच्या मुलांची अडचण होईल. मार्चमध्ये परीक्षा आहे. कृपया पुन्हा विचार करावा.”

परीक्षेचा आणि आवाजाचा काय संबंध ते त्यांनी लिहिलेलं नाही. मुलं परीक्षेच्या दिवसांत गाणी ऐकत असतील तर उलट बरंच की. तसं लिहिणार होते, नाही लिहिलं. फक्त “निर्णय झालेला आहे” असं लिहून धाग्याला कुलूप लावलं. आता तिथे कोणालाच काही लिहिता येणार नाही.

कुलूप लावल्यावर थोडा वेळ बरं वाटलं नाही. भूकही लागली होती, त्यामुळे कशामुळे ते नक्की सांगता येत नाही.

१५ फेब्रुवारी

नेय्मीन बाहेर पडली. सकाळी दहाला बातमी टाकली. मथळा: ‘आता अवघ्या एकोणीस सेकंदांत’. खाली सात मुद्दे. शेवटी नेहमीची सूचना, की मत्तीची देखभाल फेब्रुवारीअखेर थांबेल, सर्वांनी नेय्मीनवर यावं. संध्याकाळपर्यंत साडेतीन हजार जणांनी उतरवून घेतली. सिराजने फोनवर शिट्टी वाजवली.

ब्रिजिता चेचींनी दुकानात सगळ्यांना चहा पाजला. मी खूश होते ती कशाबद्दल हे त्यांनी विचारलं नाही.

१९ फेब्रुवारी

एका वर्तमानपत्राच्या तिसऱ्या पानावर चार ओळी आल्या. ‘एकोणीस सेकंदांचा मासा’. सिराजने कात्रण पाठवलं. त्याच्या साहेबाने त्याला पहिल्यांदाच विचारलं म्हणे, की तू उरलेल्या वेळात करतोस तरी काय. खूश आहे.

फोरम शांत. प्रिंटरच्या सहा, वायफायच्या चार. कुंजंबू यांच्याकडून काही नाही. समजले असावेत.

२३ फेब्रुवारी

दुपारी कुंजंबूंचा निरोप आला. जुना धागा बंद असल्यामुळे नवीन उघडलेला. मजकूर एकच ओळ: “आपण फोटो मागितला होता. हा आमचा फोटो.” सोबत आवाजाची फीत, दोन मिनिटं दहा सेकंदांची.

मी लावली. दुकानात मी, ब्रिजिता चेची आणि दाखल्यासाठी थांबलेली एक बाई.

आधी बटणं दाबल्याचे आवाज, एकामागून एक. मग पंखे, पुष्कळ पंखे एकदम. मग काहीच नाही. खूप वेळ काही नाही. मग एका मुलीचा आवाज, मास्तरांना हाक मारणारा, “माशे, माझं बोलत नाही.” मग एक मुलगा, “माझंपण नाही.” “माझंही बंद.” “माशे, आलं का ते? टाकू का पासवर्ड?” कोणीतरी अंदाजाने बटणं दाबायला लागलं. शेवटी एका वयस्क माणसाचा स्वर, अगदी शांत. “थांबा. कोणी काही दाबू नका. वॉचमनला बोलावतो, तो बघून सांगेल.”

तिथे फीत संपली.

दाखल्याची बाई म्हणाली, “आंधळ्या मुलांची शाळा आहे वाटतं.”

ब्रिजिता चेची माझ्याकडे बघत होत्या. “मी म्हटलं होतं तुला. बघत नसेल म्हणून.”

“तुम्ही तसं म्हणाला नव्हता.”

“मग कसं म्हटलं होतं?”

बाईचा दाखला करून दिला. वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव पडलं. दुसऱ्यांदा तारीख चुकली. तिसरा कागद चेचींनी केला. मला काही फार वाटलं असं नाही, डोकं जरा जड होतं.

२४ फेब्रुवारी

स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्राम तोणीत पहिल्यापासून आहे. सेटिंगमध्ये भिंगाच्या चित्राखाली त्याचं नाव आहे. अकरा वर्षांत मी तो एकदाही चालू केलेला नाही. मत्तीपर्यंत तो पासवर्डच्या आधीच जागा व्हायचा आणि सांगायचा, चौकट आली, इथे लिहा. आता तो मुका, कारण आवाजच उशिरा उठतो.

दुपारी सिराजला फोन केला, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत.

“किती जण आहेत?” त्याने विचारलं.

“अकरा मुलं आणि एक मास्तर. सकाळी विचारून घेतलं.”

“चेची, साडेसहा हजार जणांनी उतरवलीय. त्यातले अकरा.”

“बारा.”

“बारा. त्यांना मत्तीवर परत जायला सांगा ना. महिनाभर चालवतील. पुढच्या आवृत्तीत बघतो मी.”

पटण्यासारखं होतं. तसं कुंजंबूंना कळवलं, या वेळी व्यवस्थित लिहून. संध्याकाळी त्यांचं उत्तर आलं. दहावीच्या परीक्षेत या वर्षी पहिल्यांदाच त्यांच्या मुलांना लेखनिक न घेता कॉम्प्युटरवर स्वतः उत्तरं लिहायची परवानगी मिळाली आहे. अट अशी, की मशीनवर देखभाल चालू असलेली आवृत्ती हवी. मत्तीची देखभाल फेब्रुवारीअखेर संपते असं बातमीत छापलंय, म्हणून त्यांनी अठरा तारखेला सगळी मशीन नेय्मीनवर आणली. तपासणी झाली, कागदावर नोंद झाली. आता मागे गेलं तर परवानगी जाते, त्याच आवृत्तीची सुधारणा तेवढी चालते. आणि पर्यवेक्षकाला मशीनला हात लावायची मुभा नाही. मूल उत्तराचा विचार करत पाच मिनिटं थांबलं की मशीन आपोआप कुलूप लावतं, परत पासवर्ड मागतं. आणि मागतंय हे सांगत नाही. पहिला पेपर बारा मार्चला.

बातमीतली ती ओळ माझी. दर वेळी तीच चिकटवते.

२५ फेब्रुवारी

एक गोष्ट मला खुपत होती. या माणसाने एकदाही सरळ का सांगितलं नाही, की मला दिसत नाही? एवढी तीन-तीन पानं लिहितात. मग चूक एकट्या माझी कशी?

म्हणून त्यांची सगळी जुनी पत्रं काढली. तीन वर्षांपूर्वीचं पहिलंच पत्र. पान तीन, शेवटून दुसरा परिच्छेद: “मी स्वतः जन्मापासून दृष्टिहीन असून अंध मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. आपली तोणी ही मलयाळम वाचणारी आम्हाला मिळालेली पहिली प्रणाली, म्हणून हे पत्र.”

खाली माझं उत्तर: “सविस्तर माहितीबद्दल आभार. कृपया यापुढे थोडक्यात लिहावे.”

वाचून वही बंद केली होती. आता परत उघडून लिहिते आहे, कारण पुरावा म्हणूनच वही घातली होती.

२६ फेब्रुवारी

कोडला हात लावायचा अधिकार मला नाही, बातमीला आहे. सकाळी बातमीच्या डोक्यावर लाल चौकटीत लिहिलं: “नेय्मीनमध्ये गंभीर दोष आहे. ज्यांना दिसत नाही अशांना पासवर्ड देता येत नाही. ही तक्रार जानेवारीपासून तीनदा आली होती. ती मी न वाचता बंद केली. सुधारणा येईपर्यंत अशा कोणाच्याही मशीनवर नेय्मीन टाकू नये. मत्तीची देखभाल थांबणार नाही. – ओमना.” एकोणीस सेकंदांचा मथळा काढून टाकला.

अर्ध्या तासात सिराजचा फोन.

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास.”

“मत्तीची देखभाल कोण करणार? तुम्ही? तुम्हाला कोडमधलं ओ का ठो कळत नाही!”

“म्हणून तू करणार आहेस.”

“चेची, साहेबाने ते कात्रण ऑफिसच्या बोर्डावर लावलंय. आज कोणीतरी जाऊन ही लाल चौकट वाचेल.”

“वाचू दे.”

“तुम्ही स्वतःला मोठं करून घेताय. ‘मी बंद केली’, ‘मी वाचली नाही’. सगळे वाहवा करतील तुमची. आणि दगड माझ्या डोक्यात.”

लिहिताना तसं मनात होतं का? थोडं असेलही. त्याने फोन ठेवला.

२८ फेब्रुवारी

सिराज फोन उचलत नाही. ब्रिजिता चेचींना दुकान दोन दिवस बघायला सांगितलं.

“कुठे निघालीस?”

“कान्हनगाडला.”

“जाऊन काय करणार? तुला दुरुस्त करता येतं का ते?”

“नाही.”

“मग माफी मागायला?”

“बघायला.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि माझ्या पिशवीत चार उकडलेली केळी टाकली.

१ मार्च, कान्हनगाड

कुंजंबू मास्तर पंचावन्नचे असतील. कमरेला लुंगीसारखं इस्त्रीचं पांढरं मुंड, छातीच्या खिशात पेन. मला पेनाचं नवल वाटलं ते त्यांना कसं कळलं कोण जाणे. “सही करायला लागतं,” म्हणाले.

खोलीत अकरा मशीन होती. स्क्रीन एकच, कोपऱ्यात, तीही तपासणीला माणूस येतो म्हणून; अडलं तर वॉचमन तीच एकेका मशीनला जोडून बघतो. बाकीच्या दहा त्यांनी शेजारच्या शाळेला देऊन टाकल्यात. मी जानेवारीत ज्याचा फोटो मागत होते ती वस्तू यातल्या दहा मशीनना नव्हतीच.

“माशे, तुम्ही मला एकदा तरी ठणकावून सांगायचं होतं,” मी म्हटलं.

“काय सांगायचं?”

“की तुम्हाला दिसत नाही म्हणून.”

“पहिल्या पत्रात सांगितलं होतं. दर वेळी आधी ते सांगायचं, मग समोरच्याने हळहळायचं, मग माझी तक्रार वाचायची, हे मला जमत नाही, ओमना. दोष मशीनमध्ये होता. माझ्यातला दोष त्यात कशाला घालू?”

मग त्यांनी एका मुलीला बोलावलं. शहरबान, दहावीतली. वर्गात सगळ्यांत वेगाने लिहिणारी. तिने मला विचारलं, “फोरमवर उत्तरं देता त्या तुम्हीच का?”

“हो.”

“माशे तुमची उत्तरं आम्हाला वाचायला लावायचे. नम्रपणे नाही कसं म्हणावं ते शिका म्हणून.”

मास्तर गोरेमोरे झाले. मुलं हसली. मीही हसले, बहुतेक.

तेवढ्यात सिराजचा फोन आला. तीन दिवसांनी पहिला. मी कुठे आहे ते त्याला ब्रिजिता चेचींकडून कळलं होतं. “तिथे जाऊन आता भाषण देणार आहात का?” एवढंच तो बोलला आणि शहरबानने हात पुढे केला, “मी बोलू?”

तिने फोन टेबलावर ठेवला, स्पीकरवर.

“इक्का,” दादा म्हणावं तसं ती म्हणाली, “तुमच्यासमोर मशीन आहे?”

“आहे. कोण बोलतंय?”

“शहरबान. नेय्मीन आहे त्याच्यावर? बंद करून परत चालू करा. पण स्क्रीनचं बटण आधी बंद करा हं.”

“अगं, मी ऑफिसात आहे...”

“आमचीपण शाळा चालू आहे.”

पलीकडून बटणाचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही.

“आता सांगा,” ती म्हणाली, “चौकट आली का?”

“आली असेल.”

“असेल नको. आली का?”

पलीकडे एक बटण दाबल्याचा आवाज आला, मग आणखी एक.

“मत्ती सांगायची,” शहरबान म्हणाली. “बायकी आवाजात. ‘पासवर्ड लिहा.’ मला तो आवाज आवडायचा नाही, चिडक्या टीचरसारखा होता. पण सांगायची.”

तो एवढंच म्हणाला, “माशे आहेत का तिथे? त्यांना द्या.” पुढचा अर्धा तास ते दोघं बोलत होते. मला त्यातलं निम्मं कळलं. मास्तरांचं म्हणणं असं, की सगळी आवाजाची यंत्रणा लवकर उठवायची गरजच नाही. बोलण्यापुरती एक छोटी वाट उघडली तरी पुरे, आणि ती उघडायची तर कुठे, हेही त्यांनी जानेवारीतच लिहिलं होतं. पान दोन.

परतीच्या गाडीत केळी खाल्ली. डब्यातल्या एका मुलाने मोबाईलवर गाणं मोठ्याने लावलं होतं, त्याला कोणी रागावलं नाही. मीही नाही.

५ मार्च

सिराजने दोन दिवस रजा टाकली. मला सांगितलं नाही, फोरमवर मास्तरांशी त्याचं चाललेलं बोलणं वाचून कळलं. त्याने पाठवायचं, मास्तरांनी अकरा मशीनवर लावून ऐकायचं, कळवायचं. पहिला प्रयत्न फसला, आवाज आला पण तुटक. दुसऱ्यात चौकटीचं सांगितलं, पण पाच मिनिटांनी लागणाऱ्या कुलपाचं नाही. मास्तर अजूनही लांब लिहितात. सिराज सगळं वाचतो, असं दिसतं.

माझ्याशी तो कामापुरतं बोलतो.

८ मार्च

नेय्मीनची सुधारित आवृत्ती बाहेर पडली. सुरू व्हायला चोवीस सेकंद. बातमी मी लिहिली, पाच ओळींची. दोष कोणी शोधला तिथे कुंजंबू मास्तरांचं नाव, दुरुस्त कोणी केला तिथे सिराजचं. माझं नाव कुठे घालायचं याचा विचार केला आणि नाही घातलं. मग वाटलं, हेसुद्धा मोठं करून घेणंच झालं का? ठेवलं तसंच.

सिराजने वाचून अंगठ्याचं चित्र पाठवलं. पंधरा मिनिटांनी फोन केला.

“साहेबाने ते कात्रण काढलं नाही बोर्डावरून. विचारत होता, एकोणीसचे चोवीस कसे झाले.”

“काय सांगितलंस?”

“म्हटलं, आधी मोजायला चुकलो होतो.”

१२ मार्च

पहिला पेपर. अकरा ते दोन. त्या तीन तासांत मी दोन करारनामे, एक वारसाचा अर्ज आणि एका लग्नाची पत्रिका केली. पत्रिकेत वराचं नाव बरोबर आलं, वधूचंही. ब्रिजिता चेचींनी दोनदा तपासलं.

अडीचला मास्तरांचा निरोप. “दहा जणांनी पूर्ण पेपर स्वतः लिहिला. एकाचे मशीन मध्येच बंद पडले, वीज गेली होती, तोणीचा दोष नाही. त्याला वीस मिनिटे वाढवून मिळाली.” या वेळी मला तीन पानं चालली असती.

मी वाचून दाखवलं. चेची म्हणाल्या, “रडतेस का?”

“प्रिंटरची शाई बदलत होते, हात डोळ्याला लागला.”

“बरं.”

२७ मार्च

फोरमवर आज एक नवीन तक्रार, नवीन सदस्याची. नाव शहरबान.

“तुमचा वाचणारा आवाज ‘ळ’ म्हणत नाही, ‘ल’ म्हणतो. पळमचं पलम. कोळिकोडचं कोलिकोड. इतिहासाच्या पेपरात मी तीन वेळा थांबले, आपणच चुकीचं लिहिलं असं वाटून. आवृत्ती बाहेर काढण्याआधी तुमच्यातलं कोणी ती ऐकतं का? फोटो पाठवत नाही.”

मुलगी उद्धट आहे. मला वाटतं मास्तरांनीच तिला असं लिहायला सांगितलं असणार. या वयात एवढं सुचत नाही.

लगेच उत्तर दिलं नाही. आधी दुकानातल्या दुसऱ्या मशीनची स्क्रीन बंद केली, कानाला हेडफोन लावला, तो प्रोग्राम चालू केला. पासवर्ड दोनदा चुकला. फाईल उघडायला अकरा मिनिटं लागली. तीही भलतीच उघडली, कोणाच्या तरी जमिनीच्या चतु:सीमा होत्या. पूर्वेस कालवा, पश्चिमेस वळप्पिलांचं शेत. आवाजाने वाचलं, वलप्पिल. मागे जाऊन परत ऐकलं. परत वलप्पिल.

काउंटरवर दोन माणसं येऊन उभी राहिली असावीत. चेची त्यांना सांगत होत्या, “पाच मिनिटं थांबा, ती ऐकतेय.”

सिराजला फोन केला.

“चेची, एका अक्षरासाठी?” तो म्हणाला. मग, “आमच्या गावाचं काय म्हणतं म्हणालात?”

“कोलिकोड.”

“छे,” तो म्हणाला. “हे नाही चालायचं.”